बोटीवरच्या आवाजाचा मालक

युनूसभाई बोलायला सुरुवात करण्याआधी "हॅलो, चेक" म्हणतात. समोर माईक असो वा नसो. मंडप आणि लाऊडस्पीकरचा त्यांचा पिढीजात धंदा. भोकरपासून मुखेडपर्यंतच्या लग्नांत त्यांचे भोंगे वाजले, एक कान त्या भोंग्यांना वाहून टाकला आणि ही सवय लागली. भाजीवाल्यापुढे उभे राहिले तरी, "हॅलो, चेक. वांगी कशी दिली?" माझे थोरले भाऊ गेले तेव्हा ते भेटायला आले. माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, "हॅलो, चेक. लई वाईट झालं पाटीलसाब." रडता रडता मला हसू फुटलं. त्यांच्या निकाहात काझींनी विचारल्यावर "कबूल"च्या आधी "चेक" आलं होतं असंही सांगतात. ते मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं काही सांगायचं नाही असं ठरवून मी आज लिहायला बसलो आहे.

कारण युनूसभाईंबद्दल नांदेडात जे बोललं जातं त्यातलं बरंचसं खोटं आहे, आणि त्या खोट्यात माझा वाटा मोठा आहे. बोटीच्या संडासापायी डोकं फिरलेला माणूस, अशी त्यांची ख्याती. डोकं फिरण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ते कशापायी फिरलं, एवढं मात्र सांगायला हवं. त्यांच्या बायकोची, भाभींची, परवानगी घेतली आहे. युनूसभाईंची घेतलेली नाही.

आम्ही काही निवृत्त माणसांनी, युनूसभाईंना बरोबर घेऊन, विष्णुपुरीच्या बंधाऱ्यातल्या पाण्यावर सहलीची बोट चालवायचं ठरवलं. मी पाटबंधारे खात्यात होतो, म्हणजे आयुष्यभर पाणी फाइलीत पाहिलेलं. खरं पाणी जवळून बघावं अशी हौस होती. कोकणातून एक जुनी बोट ट्रकवर घालून आणली आणि तिचं नाव ठेवलं गोदाराणी. तिच्यात विजेवर चालणारा संडास होता. बटण दाबलं की पाणी यायचं आणि खालची मोटर सगळं दळून टाकीत ढकलायची. काठावर आलो की टाकी रिकामी करायची, नदीत काही जायचं नाही. मोठी चांगली सोय. दोष एकच. मोटर चालली की पिठाच्या गिरणीत कोणी खडे ओतल्यासारखा आवाज यायचा, आणि भिंती पातळ प्लायवूडच्या असल्यामुळे तो या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमायचा.

उद्घाटनाला आम्ही एका पुढाऱ्यांना बोलावलं होतं, आले दोन. दोघांचं आपसात जमत नव्हतं आणि फीत एकच होती. ऐनवेळी युनूसभाईंनी मंडपाच्या सामानातून दुसरी फीत काढून संडासाच्या दाराला बांधली. दुसऱ्या पुढाऱ्यांनी ती कापली आणि दारात उभं राहून भाषण केलं. मराठवाड्याचा अनुशेष भरून काढण्याच्या दिशेने हे भक्कम पाऊल आहे, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मग सगळ्यांना घेऊन बोट निघाली.

आता एक गोष्ट सांगतो, जी आमच्याकडच्या प्रत्येक पुरुषाने पाहिलेली असते आणि एकानेही विचारलेली नसते. आमच्या बायका प्रवासाला निघायच्या असल्या की सकाळपासून पाणी पीत नाहीत. घोटसुद्धा नाही. वाटेत जावं लागू नये म्हणून. त्या दिवशीही बोटीवरच्या सगळ्या बायका कोरड्या घशाने नदी बघत बसल्या होत्या. फक्त युनूसभाईंच्या बायकोला, खैरुनभाभींना, ते जमत नाही. त्यांना साखरेचा आजार आहे. तहान धरवत नाही आणि पुढचंही धरवत नाही. भर पाण्यात त्या उठल्या, आत गेल्या आणि मोटर गरजली.

माईक माझ्या हातात होता. मी बंधाऱ्याच्या दरवाजांची माहिती सांगत होतो आणि ती कोणी ऐकत नव्हतं. मला वाटलं, आता ऐकतील. मी म्हणालो, "गिरणी चालू झाली. दळण आणलंय का कोणी?"

ऐकलं सगळ्यांनी. बोट हलेपर्यंत हसले. दोन्ही पुढारी एकत्र हसले, जे त्याआधी आणि त्यानंतर कधी घडलं नाही. भाभी बाहेर आल्या, बुरख्याचा पडदा खाली ओढला आणि काठ येईपर्यंत पाण्याकडे तोंड करून बसल्या.

त्यानंतर त्यांनी घर सोडलं नाही. लातूरला त्यांची मुलगी दिलेली आहे. नातीचा अकीका, म्हणजे जावळ-बारशाचा समारंभ झाला, तिकडेही गेल्या नाहीत. युनूसभाई मला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोटीवर आले, संडासाच्या फरशीवर आडवे झाले आणि आपला चांगला कान खाली लावून बराच वेळ पडून राहिले. मग उठून म्हणाले, "हॅलो, चेक. या मशीनला गप करायचं पाटीलसाब. खैरुनला पुन्हा बोटीवर आणायचंय मला. तिला पानी बघायला लई आवडतं."

तिथून ते सुरू झाले. पहिल्यांदा पिंजाऱ्याकडून जाड रजई शिवून आणली आणि मोटरीला थंडीतल्या म्हाताऱ्यासारखी गुंडाळली. मोटर तापली, कापूस धुमसला, आणि गोदाराणीवर आग लागल्याची बातमी मुदखेडपर्यंत गेली. मग भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले. त्याने आवाज तसाच राहिला, पण आमच्या एका माळकरी भागीदारांनी बोटीवर पाय ठेवणं बंद केलं. गावातले शहाणे तर रांगेत उभे होते. एक निवृत्त इंजिनिअर म्हणाले, बोटच बदला. एक डॉक्टर म्हणाले, आतल्या माणसाने मोठ्याने खोकावं. आवाजाची तपासणी करायला एक साहेब आले. त्यांनी यंत्र धरलं, नियमांचं पुस्तक पाहिलं आणि सांगितलं की लग्न, मिरवणूक आणि कारखाना यांचे नियम आहेत, संडासाचा नाही. तेव्हा हा आवाज नियमात बसतो.

युनूसभाईंचं एक तत्त्व होतं. "आवाज मरत नसतो, तो जागा बदलत असतो." तो कुठून कुठे जातो हे शोधायला ते जिथे जातील तिथे कान लावू लागले. आमच्या घरी आले की चहाआधी फ्रिजला कान. माझ्या सुनेला म्हणाले, "बेटा, हा कण्हून राहिला." सुनेने त्यांच्या येण्याची चाहूल लागली की मिक्सर कपाटात ठेवायला सुरुवात केली. शेजाऱ्यांच्या स्कूटरला कान लावताना पोलिसाने हटकलं, तेव्हा मला जाऊन ओळख द्यावी लागली.

मग शहनाईचं प्रकरण झालं. लाऊडस्पीकरवाल्याचा जुना उपाय म्हणजे नको त्या आवाजावर हवा तो आवाज टाकायचा. लग्नात वरपक्ष भांडायला लागला की युनूसभाई शहनाई वाढवायचे. तेच त्यांनी इथे केलं. संडासाचं बटण स्पीकरला जोडलं. बटण दाबलं की शहनाई. मोटर खरंच ऐकू येईना. पण काही दिवसांत सगळ्यांना कळलं की शहनाई वाजली म्हणजे आत कोणीतरी आहे, आणि मोटरीचा आवाज होता तेव्हा निदान बोटीपुरतंच कळायचं, आता काठावरच्या धोब्यांनाही कळू लागलं.

एका साखरपुड्याची पार्टी बोटीवर होती. त्यात एक माजी सभापती होते. ते आत गेले, शहनाई सुरू झाली, आणि मंडळींना वाटलं मुहूर्त आला. सगळे उभे राहिले. कोणीतरी अक्षता वाटल्या. दार उघडून सभापती बाहेर आले ते थेट अक्षतांच्या वर्षावात. सवयीचा माणूस. त्यांनी हात जोडले, चौफेर नमस्कार केला आणि म्हणाले, आपलं हे प्रेम मी विसरणार नाही.

त्या गोष्टीने युनूसभाईंचं नाव जिल्ह्यात केलं. चहाच्या हॉटेलात मी ती साभिनय सांगायचो. लोक विचारायचे, या माणसाला संडासाचं एवढं काय? मी म्हणायचो, कोणास ठाऊक, पहिल्या दिवशी याचीच काहीतरी फजिती झाली म्हणतात. असं मी म्हणायचो. एकदा नाही, पुष्कळदा.

भागीदार वैतागले आणि युनूसभाईंना बोटीवरून काढायची भाषा सुरू झाली. ते सांगायला मला पाठवलं. ते मंडपाच्या गोदामात वायरी गुंडाळत बसले होते. मी म्हणालो, युनूसभाई, लोक तुम्हाला हसतात, थांबा आता.

ते म्हणाले, "हॅलो, चेक. बोटीच्या संडासाचं नाव निघालं की गावात कोणाचं नाव निघतं?"

"तुमचं."

"अजून कोणाचं?"

मी आठवून पाहिलं. "कोणाचंच नाही."

"बस," ते म्हणाले आणि वायर गुंडाळायला लागले. खाली बघतच म्हणाले, "खैरुनला मी सांगितलंय की त्या दिवशी सगळे मला हसले. माझी टोपी पाण्यात पडली म्हणून. तिला तसंच वाटून राहिलं पाहिजे. तुम्ही हाटेलात माझंच नाव सांगता, लई बरं करता."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. ते खरोखर आभार मानत होते.

मी तिथून सरळ त्यांच्या घरी गेलो. भाभी दारातल्या पडद्यालगत बाजेवर लसूण सोलत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं की त्या दिवशी माईकवर मी बोललो होतो. त्यांचा हात थांबला नाही.

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "फळी पातळ होती पाटीलभाई. आतला आवाज भाईर येतो तसा भाईरचा आत येतो."

"मग युनूसभाई म्हणतात ते..."

"टोपीचं? टोपी तर त्यांच्या डोक्यावरच होती. घरी आले तवा मीच काढून खुंटीला लावली." आता त्या हसल्या. "मी म्हटलं, बरं, टोपी तर टोपी. मला खरं वाटलं असं त्यांना वाटून राहिलं. वाटू द्या. पन तुम्ही भाईर लोकांत खोटं नका सांगू. सांगायचंच तर खरं सांगा. मला आता काय होत न्हाई."

मी विचारलं, मग बोटीवर याल का.

"लोक हसले ते मी सोडून दिलं," त्या म्हणाल्या. "पन ते मशीन माज्या छातीत अजून वाजतं. ते गप करा, मग येते."

त्यानंतर युनूसभाई बोटीच्या फरशीला कान लावून झोपले की मीही शेजारी झोपू लागलो. भागीदारांना सांगितलं, काढायचं तर दोघांना काढा. एकदा आम्ही लातूरला गेलो. तिथल्या डाळ मिलमध्ये मोठमोठ्या मोटरी असतात, त्या कशा बसवतात ते बघायला. युनूसभाईंनी आत शिरताच पहिल्या मोटरीच्या पायाला कान लावला. मालकाला वाटलं गिऱ्हाईक तूरडाळीची पारख करतंय. त्याने भाव सांगितला. मोटरीखाली जाड रबराच्या गाद्या होत्या. युनूसभाई कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर थाप मारली. आयुष्यभर ते स्पीकरच्या खोक्याखाली रबर घालत आले होते, नाहीतर स्टेजच्या फळ्या ढोलासारख्या वाजतात. आणि बोटीतली मोटर सरळ फळीला बोल्ट केलेली होती, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला म्हणाले, धंद्यातली अक्कल धंद्यावरच राहते, घरी येत नाही.

मग मोटर सोडवून गाद्यांवर बसवली. पाइप भिंतीला घासत होता, तो टायरच्या ट्यूबच्या पट्ट्यांत टांगला. वायर बारीक होती, म्हणून मोटर जोर करून जास्त वेळ कण्हायची. तिला जाड वायर दिली. अंड्यांचे ट्रे काढले. माळकरी भागीदार परत आले. शहनाई सुटी करून लग्नांना पाठवली.

भाभी आल्या तो दिवस साधाच होता. पुढारी नव्हते. मुदखेडकडच्या एका बचत गटाच्या बायका सहलीला आल्या होत्या, नेहमीप्रमाणे कोरड्या घशाने. माईक मी घरीच ठेवला होता. पाणी भरलेलं होतं, वारा होता, आणि भाभी पडदा वर करून बघत होत्या. बंधाऱ्याच्या जवळ आल्यावर त्यांनी माझ्याकडे हात केला.

"पाटीलभाई, पानी द्या."

मी बाटली दिली. त्यांनी ती सावकाश, थांबत थांबत, सगळी संपवली. शेजारच्या बाईने ते पाहिलं, जरा इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, अजून हाय का हो? मग तिच्या शेजारणीने मागितलं. मी बाटल्या वाटत फिरलो.

थोड्या वेळाने भाभी उठल्या आणि आत गेल्या. युनूसभाई माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी कठडा घट्ट धरला आणि पाण्याकडे बघत राहिले. बायकांचं कांद्याबद्दल काहीतरी चाललं होतं, ते चालूच राहिलं. कोणी मान वळवली नाही. दार उघडलं, भाभी आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि त्याच कांद्याच्या बोलण्यात शिरल्या.

युनूसभाई अगदी हळू म्हणाले, "आवाज आला का पाटीलसाब?"

"कशाचा?" मी विचारलं.

त्यांनी कठडा सोडला.

खरं तेच लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो. आला होता, थोडासा.