व्याह्यांची इटली

आमचे व्याही वसंतराव कुठल्याही गावात शिरले की आधी तिथं कोण मेलंय ते बघतात.

हे माझ्या सुनेचे वडील. कराडहून महिनाभर लेकीकडे, नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आले. मीही तेव्हा तिथेच होते. तिथे त्यांचा जीव रमेना. "इथे माणूस गेलेला कळतच नाही, नुसत्या सायकली जातात," म्हणायचे. मग माझा मुलगा नीलेश आणि सून केतकी आम्हां दोघा म्हाताऱ्यांना गाडीत घालून दक्षिण इटलीत घेऊन गेले.

तिथल्या डोंगरावरच्या जुन्या गावांत माणूस गेला की नाव, वय आणि फोटो छापून भिंतीवर चिकटवतात. वसंतरावांची चंगळ झाली. केतकी किल्ले दाखवायची, हे भिंतीपाशी. वय ब्याण्णव दिसलं की, "वसूल करून गेले." साठीच्या आतलं दिसलं की, "ह्यांची घाई झाली," आणि भर रस्त्यात चपला काढून नमस्कार. मागे गाड्या भोंगे वाजवतायत.

मी विचारलं, इतक्या लांब किल्ले बघायला आलात की मयतं? म्हणाले, "विहीणबाई, किल्ल्यात आता राहतं कोण?"

त्यांची बायको सुमनताई कोरोनात गेली. केतकीला विमान मिळालं नाही. स्मशानात हे आणि नगरपालिकेची दोन माणसं. नंतरही दारात कुणी आलं नाही. ते दुःखानं नाही, चिडून सांगायचे. "गावातलं एक मयत चुकवलं नाही मी, आणि माझ्या वेळी कुणी नाही."

शेवटच्या गावात भिंतीवर एक बाई होती. केतकीने फोनवर भाषांतर करून सांगितलं, अंत्यविधी आजच, तासाभरात. वसंतराव हटून बसले.

"बाबा, आपण त्यांना ओळखत नाही," नीलेश म्हणाला.

"ओळख कशाला लागते?"

गेलो. प्रार्थना संपल्यावर घरची माणसं चर्चच्या दारात ओळीने उभी राहिली आणि गाव एकेक करून त्यांचे हात धरत पुढे सरकू लागलं. ओळ दिसली म्हणून वसंतरावही घरच्यांच्या ओळीच्या टोकाला उभे राहिले. लोकांनी त्यांचेही हात धरले. एका म्हातारीने तर दोन्ही गाल धरून बराच वेळ काहीतरी सांगितलं. हे मान हलवत होते. डोळे वाहत होते, ते पुसले नाहीत.

नीलेश त्यांना ओढून आणायला निघाला. मी त्याला थांबवलं आणि स्वतः हात धरणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिले. सुमनताई गेल्या तेव्हा मी फोन केला होता, पण मृत्यूच्या दाखल्याचं काय झालं एवढंच विचारलं होतं.

माझी पाळी आली. त्यांचा हात धरला.

"फार वाईट झालं, व्याही."

बाकीच्यांपुढे हलवली तशीच त्यांनी मान हलवली, आणि माझ्या मागच्या माणसाकडे हात पुढे केला.