साळवे सरांचे बुडबुडे

साळवे सर सोडा मागवतात आणि पीत नाहीत. ग्लास डोळ्यांसमोर धरून चमच्याने ढवळतात आणि नुसते बघत बसतात. टपरीवाले कासमभाई वैतागतात. "सर, पिऊन टाका की! गॅस गेल्यावर काय राहतंय त्यात?" सर बोट वर करतात. "एक मिनिट."

मी सुप्याच्या कारखान्यातून ड्युटी करून पाय ओढत जिना चढतो, तेव्हा हे 'एक मिनिट' माझ्याही वाट्याला येतं. सर आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. लग्न केलं नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडतात ना, तिचे बुडबुडे खळबळत्या पाण्यात कसे फुटतील, कसे एकत्र होतील, याचं गणित ते कॉम्प्युटरवर मांडतात. "दोन बुडबुडे भिडले की लगेच एक झाले, असं नसतं हो! मधे पाण्याचा पातळ पडदा असतो. तो फाटायच्या आत भोवऱ्याने ओढलं, की दोघं दोन दिशांना." मी मान डोलावतो. हातात रिकामा डबा, जीव अंथरुणात.

त्यांच्या आईलाही हे कधी पटलं नाही. "बुडबुडं बघून कुनाचं भलं झालंय रं?" आजारपणात घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलं होतं, तरी विचारायच्या. त्या मशीनला पाण्याची बाटली असते, तिच्यातून हवा बुडबुडत नळीत जाते. सरांनी त्या बाटलीचेही व्हिडिओ काढले. उन्हाळ्यात आजी गेल्या.

परवा आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहणाऱ्या कासमभाईंच्या बायकोला दवाखान्यातून घरी सोडलं. घरी ऑक्सिजन लावा म्हणाले, आणि भाड्याने मशीन कुठे मिळेना. मी सरांकडे मागायला गेलो. आत आजींच्या रिकाम्या खाटेशेजारी मशीन चालूच होतं.

"प्रयोग चाललाय?"

"नाही हो. बंदच केलं नाही. घरात दुसरा आवाज नाही."

तरी मशीन मागितलं, कारण खाली बाईंना धाप लागली होती. सर उठले, बटणावर हात ठेवून उभे राहिले.

"मी करू का?"

"नको. आई रोज म्हणायची, 'बंद कर की रं ते आता, किती बिल यील.' तिचं एवढंच ऐकायचं राहिलं होतं."

बटण दाबलं. मला फार वाईट वाटलं.

मशीन आम्ही दोघांनी खाली नेलं. सरांनी पाणी भरून नळी जोडून दिली. बाईंची धाप हळूहळू कमी झाली, पण सर जायचं नाव घेईनात.

"बसा की सर," कासमभाई म्हणाले, "जेवूनच जावा."

सर खुर्ची ओढून बसले.