चार वायरी आणि एक श्वास

“अर्ध्या तासाचं काम!” काकांनी जिन्यातच जाहीर केलं. “बारा वाजायच्या आत स्पीकर असे बोलायला लागतील, की ऐकत राहाल!”

खालच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी संपवून नुकतीच घरी परतत होती. कुलपात किल्ली घालत तिने दमलेल्या आवाजात विचारलं, “मोठ्याने बोलतील का हो, काका?”

“फक्त अर्धा तास!”

“माझी आत्ता कुठे रात्र सुरू होतेय...”

पण तोवर काका वर पोहोचलेसुद्धा. शनिवार असल्याने दुकान बंद, घरात अडवायला कोणी नाही आणि हातात नवीन स्क्रूड्रायव्हर! माणसाचं वाटोळं व्हायला आणखी काय लागतं?

काकांचं चष्म्याचं दुकान. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला समोर बसवून, भिंगं बदलत ते एकच प्रश्न विचारत आले होते : “हे बरं की ते?” आणि एखादं गिऱ्हाईक म्हणालं की, “हल्ली वर्तमानपत्राची छपाई फार फिकी करतात बुवा,” की काका मिश्कील हसत. “छपाई आहे तशीच आहे हो! आता जरा तुमच्या डोळ्यांकडे बघू या?” हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता, की नर्सने त्यांच्याकडून चष्मा करून घेतला तेव्हा काकांच्या आधी तिनेच तो म्हणून टाकला होता.

असे हे काका गेले सात महिने एकटे होते. काकू मुलीकडे गेल्या होत्या, दूर देशी. मुलीला जुळं झालं होतं. तीन महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या काकूंचे पाच झाले, पाचाचे सात झाले. येत्या बुधवारचं तिकीट हातात होतं, पण मुलगी आणखी तीन महिने राहा म्हणून मागे लागली होती. काय ते आज दुपारी फोन करून सांगते, असं काकू म्हणाल्या होत्या. आणि काका? ते रोज फोनवर छाती फुगवून सांगत, “मी अगदी मजेत! तू सावकाश ये!” फोन ठेवला की अर्धा तास नुसते बसून राहत.

बसून ऐकणार काय, तर काकूंचं गाणं. लग्नाआधी कॉलेजच्या कार्यक्रमात काकूंनी म्हटलेलं एक गाणं जुन्या कॅसेटवर होतं. काकांनी ते जिवापाड जपून फोनमध्ये उतरवून घेतलं होतं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी काकू ओळ विसरल्या होत्या. मग ती आठवली आणि त्यांनी चटकन एक श्वास घेतला. एवढुसाच. त्या श्वासासाठी काका अख्खं गाणं ऐकत. तो आला की बायको शेजारी येऊन बसल्यासारखी वाटे.

आणि काकू गेल्या, तसा तो श्वासही गेला! सूर होते, शब्द होते, ओळ विसरली ती जागाही होती. फक्त श्वास नव्हता. काकांनी मनाची समजूत घालून पाहिली, की विरहात असं होतंच. पण विरहाला स्क्रूड्रायव्हर लावता येत नाही, म्हणून त्यांनी दोष स्पीकरवर ढकलला. स्पीकर मंदावलेत! त्यांना ताकद कमी पडतेय!

उपायही सापडला. बाय-ॲम्पिंग! म्हणजे असं, की पुढच्या प्रत्येक मोठ्या स्पीकरला एकाऐवजी दोन ॲम्प्लिफायर द्यायचे. एक जाड आवाजाला, एक बारीक आवाजाला. काकांच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या पेटीत, ॲम्प्लिफायर होते सात. पाच बाहेरच्या खोलीत सिनेमा बघायच्या स्पीकरांना लागत. उरलेले दोन काकूंच्या हट्टापायी स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरांना दिलेले.

काका स्वयंपाकघराच्या दारात थबकले. ओट्यावरचे दोन छोटे स्पीकर सात महिने मुके होते. “कोण ऐकणार आहे आता इथे?” असं म्हणून त्यांनी वायरी सोडवल्या खऱ्या, पण त्यांना ते अजिबात बरं वाटलं नाही. आधी माणूस गेलं, आता त्याची वायरही निघाली.

बाहेर येऊन काका स्पीकरसमोर मांडी घालून बसले. पाठीमागे वायरी अडकवायच्या चार-चार खुंट्या. वरच्या दोन बारीक आवाजाच्या, खालच्या दोन जाड आवाजाच्या. वरच्या-खालच्यांना जोडणारी एक-एक पितळी पट्टी. माहितीपुस्तकात ठळक चौकटीत लिहिलं होतं : पट्ट्या आधी काढा. पण पुस्तकं वाचायची गिऱ्हाइकांनी! काकांना पट्ट्या शोभेच्या वाटल्या. शिवाय चाळीस वर्षांची सवय आड आली. समोर बसलेल्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला असतो, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. त्यामुळे समोरचे स्पीकर त्यांना गिऱ्हाइकासारखे वाटले, आणि जुन्या वायरी बरोबर जागी असताना नव्या मात्र उजव्याच्या डावीकडे आणि डाव्याच्या उजवीकडे गेल्या.

बटण दाबलं. गाणं सुरू झालं. आणि टक्! रिसीव्हर ठार बंद.

पुन्हा दाबलं. पुन्हा टक्!

सहाव्यांदा दाबलं, तेव्हा गाण्याच्या ऐवजी दारावरची बेल वाजली.

दारात नर्स. केस विस्कटलेले, बगलेत उशी.

“काका, टक् टक् टक्... मला वाटलं पेशंट बेल मारतोय! दोनदा उठून उभी राहिले मी!”

“बरं झालं आलीस! मला दुसरे कान हवेच होते!”

“मला झोप हवी होती.”

पण ती नर्स होती. समोर कोणी निपचित पडलेला दिसला, की तिला राहवत नसे. मग तो रिसीव्हर का असेना! तिने पुस्तक उचललं, चौकट वाचली, खाली वाकून पाहिलं. “काका, या पट्ट्या काढल्या का?”

“त्या शोभेच्या आहेत.”

“इथे लिहिलंय, की काढल्या नाहीत तर दोन ॲम्प्लिफायर एकमेकांच्या उरावर बसतात!”

पट्ट्या निघाल्या. रिसीव्हर शुद्धीवर आला. काकांनी हर्षभराने सिनेमातला मोटारींच्या पाठलागाचा प्रसंग लावला. मोटारीची घरघर डावीकडून उजवीकडे गेली, आणि तिचा हॉर्न उजवीकडून डावीकडे आला!

“ही गाडी दुभंगली का हो?” नर्सने विचारलं.

काकांना त्यात काही वावगं वाटेना. त्यांनी काकूंचं गाणं लावलं आणि नर्सला खुर्चीत बसवून वायरी बदलत जुना प्रश्न सुरू केला. “हे बरं की ते?”

“सारखंच.”

“नीट ऐक! हे... की ते?”

“काका, दोन्ही छान आहे. काकूंचा आवाज किती गोड! आणि मध्ये तो श्वास घेतात ना, तिथे तर...”

काकांच्या हातातली वायर खाली पडली.

“कुठला श्वास?”

“आत्ता घेतला की.”

“कुठे?”

नर्सने हात लांबवून गाणं थांबवलं. मग उठली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांच्या कानाजवळ बोटं एकमेकांवर घासली. “ऐकू येतंय?”

“काय करतेयस?”

दुसऱ्या कानाजवळ घासली. “आता?”

“तू आहेस कुठे? पुढे ये ना!”

नर्स पुढे आली. मग अगदी हळुवारपणे म्हणाली, “काका, छपाई आहे तशीच आहे हो.”

काका खुर्चीत बसले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना चिकटवलेला विनोद परत आला होता आणि त्यांना मुळीच हसू येत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. फोन रिसीव्हरला जोडलेला! काकूंचा आवाज चारही भिंतींतून घुमला. “अहो, कसे आहात?”

“मी अगदी मजेत!” काका सवयीने म्हणाले.

“काकू, ते मजेत नाहीत!” नर्स ओरडली आणि तिने सगळी हकीकत एका दमात सांगून टाकली.

काकूंनी लगेच विचारलं, “अहो, खरं सांगा. त्या रिसीव्हरच्या सेटिंगला हात लावलात?”

“तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सगळं पुसून नव्याने लावलं. तू असताना कधी करू देत नव्हतीस.”

“उगाच नव्हते करू देत! दोन वर्षांपूर्वी ते वॉशिंग मशीन पीं पीं करून थकायचं आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत राहायचात, तेव्हाच ओळखलं मी. सांगितलं असतं तर मानलं असतंत? म्हणून गुपचूप ट्रेबल पार वर करून ठेवला. बारीक आवाज तुम्हाला ऐकू यावेत म्हणून.”

“आणि तुला? तुला कर्कश नाही वाटायचं?”

“कानठळ्या बसायच्या! म्हणून तर स्वयंपाकघरात वेगळे स्पीकर लावून घेतले ना.”

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ओट्यावरून दोन सुट्या वायरी लोंबत होत्या. सात महिने त्यांना जे हरवल्यासारखं वाटत होतं, ते खरोखरच बायकोने लावून ठेवलेलं होतं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

“अगं, बुधवारीच ये,” ते म्हणाले. “मला करमत नाही. एक दिवसही करमलेलं नाही.”

“एवढं सांगायला सात महिने लागले?” काकू म्हणाल्या. “मी रोज वाट बघायची, की आज म्हणतील, ये. तुमचं आपलं सावकाश, सावकाश! येते मी बुधवारी. आणि हो, स्वयंपाकघरातले स्पीकर चालू आहेत ना?”

“आहेत तर!” काका धडधडीत खोटं बोलले.

फोन बंद झाला. नर्सने ट्रेबल पार वर नेला आणि गाणं लावून दोन्ही कान उशीत दाबले. पहिलं कडवं संपलं. काकूंनी ओळ शोधली. आणि श्वास घेतला!

काकांनी डोळे मिटले. मग उघडले ते पाणावलेले. “आला गं! ऐकलास?”

“मला रोज ऐकू येतोय, काका. खालच्या मजल्यावर.”

गाणं संपताच काका उठले आणि स्क्रूड्रायव्हर शोधू लागले. नर्सने उशी पुन्हा बगलेत मारली. “आता काय?”

“हे सगळं सोडवून स्वयंपाकघर परत जोडतो. बुधवारच्या आत झालं पाहिजे. अर्ध्या तासाचं काम!”

“एक विचारू? डावा स्पीकर म्हणजे तुमच्या डावीकडचा, की त्याच्या?”

काकांनी स्पीकरकडे पाहिलं, आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. आणि गुपचूप तिची उशी आपल्या हातात घेऊन स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.