पहाट आपोआप होते

मनुष्यजातीने उजेडाचे आभार कधीच मानलेले नाहीत. ती फक्त अंधाराविषयी तक्रार करते. या सनातन सत्याच्या पायावर आमच्या वेनॉक कॉलेजचा रंगमंच-रचना व तंत्र विभाग उभा आहे. (इमारत मात्र एका जुन्या बर्फाच्या गोदामाच्या पायावर उभी आहे, आणि ईरी सरोवरावरून वारा सुटला की ते पावलांना जाणवते.) या विभागात विद्यार्थ्यांना व्यवसायसंधींचे मार्गदर्शन करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. जबाबदारी मोठी आहे; संधी बेताच्या आहेत.

विभागप्रमुख डॉ. फिलिस व्हॅन ऑर्डन यांचा सिद्धान्त प्रवेशद्वारावरच कोरलेला आहे : जे काम प्रेक्षकाच्या लक्षात आले, ते फसले. अभ्यासक्रमाची रचना त्याला धरूनच आहे. पहिल्या वर्षी काळे कपडे घालायला शिकवतात. दुसऱ्या वर्षी त्या कपड्यांत अंधारातून सोफा वाहून न्यायला. तिसऱ्या वर्षी विंगेत उभे राहून बटाट्याचे वेफर्स आवाज न करता खाण्याचे प्रात्यक्षिक असते. यात पुष्कळजण नापास होतात. चौथ्या वर्षी विद्यार्थ्याचे नाव नाटकाच्या पुस्तिकेत देणगीदारांच्या यादीनंतर, शवपेट्यांच्या जाहिरातीच्या खाली, मुंगीच्या आकारात छापले जाते, आणि शिक्षण पूर्ण होते.

आमचे चौऱ्याण्णव टक्के पदवीधर याच क्षेत्रात कार्यरत आहेत. हा आकडा काढण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. ज्यांचा ठावठिकाणा लागतो, त्यांना विचारले जाते. ज्यांचा लागत नाही, ते यशस्वी धरले जातात, कारण न दिसणे हाच तर व्यवसाय. उरलेले सहा टक्के नट झाले. त्यांच्याविषयी विभागात बोलत नाहीत. आमचा एक माजी विद्यार्थी बफेलोच्या एका मोठ्या दुकानात मांसाच्या कपाटावर असा गुलाबी उजेड सोडतो की मांस स्वतःच्या वयापेक्षा चार दिवसांनी लहान वाटते. विभागाला त्याचा अभिमान आहे.

या वसंतात मात्र एक खरी संधी चालून आली. शिकागोतल्या एका मोठ्या नाट्यसंस्थेच्या तंत्रप्रमुख लॉरेन पिकेट अंतिम वर्षाचे नाटक पाहून एकाच विद्यार्थ्याला सहायक म्हणून नेणार होत्या. ती जागा तोवा लिंडग्रेनला हवी होती. किती हवी होती, हे तिने कुणाला सांगितले नाही. पण तिच्या मामाचा ॲशटाब्युलात दातांचा दवाखाना आहे, तिथली काउंटरवरची खुर्ची तिच्या आईने तिच्यासाठी धरून ठेवली होती, आणि त्या खुर्चीचा विषय निघाला की तोवा बोलता बोलता खिडकीबाहेर पाहू लागे.

नाटक एका विधवेचे होते. सरोवराकाठी तिचे मोटेल. रात्रभर ती स्वयंपाकघरात बसून नवऱ्याच्या भावाशी भांडते, आणि शेवटी उजाडते. स्वयंपाकघर ब्रेंट हॅलिगनने उभारले होते. दार, खिडकी, आणि भंगारातून आणलेला एक फ्रिज. (फ्रिजला ना मोटर, ना वायर, ना पाठ. मागून हात घालून दुधाची बाटली ठेवता यावी म्हणून पाठ काढलेली.) उजेड तोवाचा होता. तिने पहाट इतकी सावकाश रचली होती की ती येताना कुणाला दिसत नसे. खिडकीच्या चौकटीवर आधी राखेसारखे काहीतरी साचे, मग ते कपांच्या कडांवर उतरे, आणि विधवेच्या कपाळावर पोचेपर्यंत रात्र कुठे संपली हे सांगता येत नसे, जसे दुःख नेमके कुठल्या दिवशी निवळले हे सांगता येत नाही.

"बाई, तुझी पहाट होते तरी कधी?" रंगीत तालमीला ब्रेंटने विचारले. "मी दोनदा शिंकलो, तरी आपली रात्रच."

"झालीये केव्हाची. नाक पूस, चमकतंय."

"मग लोकांना कळणार कसं?"

"कळू नये म्हणून चार वर्षं काळे कपडे घातले ना आपण? तू तुझ्या दाराचं बघ. फट दिसतेय इथूनसुद्धा."

ब्रेंट मनाला लावून घेणारा मुलगा आहे. फट दिसता कामा नये, हे दुसऱ्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातही आहे. रविवारी दुपारच्या प्रयोगाआधी त्याने दार बंद करून फटीवरून रंगाचा असा जाड हात फिरवला की दार आणि भिंत यांत काही फरक उरला नाही. दिसण्यातही, आणि, पुढे कळले त्याप्रमाणे, वागण्यातही.

प्रयोगात दीर भांडण तोडून "मी आत्ताच्या आत्ता शेरीफला घेऊन येतो" असे म्हणतो आणि दाराकडे जातो. तो गेला. दार आले नाही, मूठ आली. ती हातात धरून तो प्रेक्षकांसमोर उभा राहिला. विधवा त्याच्याकडे पाहत राहिली. शांतता नाटकाला मानवणार नाही इतकी लांबली. तेवढ्यात फ्रिजच्या फटीतून पिवळा उजेड झिरपला, दिराने तिकडे पाहिले, दाराची मूठ टेबलावर ठेवली, फ्रिज उघडला आणि आत शिरून शेरीफला आणायला निघून गेला. सभागृह हसून हसून आडवे झाले. विधवेलाही हसू आवरेना, हसता हसता तिला रडू फुटले, आणि तिच्या कपाळावर पहाट आली. लोक उठून उभे राहिले.

पडद्यानंतर, रिवाजाप्रमाणे, सगळ्या नटांनी हात उंचावून प्रेक्षागृहाच्या पाठीमागे, वर, प्रकाशाच्या खोलीकडे बोट दाखवले. प्रेक्षकांनी, रिवाजाप्रमाणे, त्या हातांसाठी टाळ्या वाजवल्या. मागे वळून कुणी पाहिले नाही.

मग बाहेर कॉफी आणि डोनट. पिकेटबाई थेट ब्रेंटकडे गेल्या.

"ते दार तुझं?"

"हो," ब्रेंट म्हणाला. त्याचा चेहरा दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखा झाला होता.

"तीस वर्षं या धंद्यात आहे मी. दार सगळ्यांचं अडतं रे. पण फ्रिजमधून वाट काढून ठेवणारा पोरगा पहिल्यांदा पाहिला. संकट ओळखून बसला होतास तू."

ब्रेंटने तोवाकडे पाहिले, मग डोनटकडे. मग खांदे उडवले. आमच्याकडे नम्रता अशीच व्यक्त करतात.

मी कर्तव्य म्हणून मध्ये पडलो. "आणि पहाट कशी वाटली तुम्हांला?"

"पहाट?" बाई थांबल्या. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "पहाट काय, होतेच की."

डॉ. व्हॅन ऑर्डन यांनी तोवाचा हात दोन्ही हातांत घेतला. "ऐकलंस ना, पोरी? होतेच की. अगं, याहून मोठी पावती मी आयुष्यात ऐकली नाही."

"ऐकलं, मॅडम," तोवा म्हणाली. "एवढी मोठी पावती उभ्यानं झेपत नाही, खाली बसून ऐकली असती तर बरं झालं असतं." आणि ती कुठे बसली ते कुणाच्या लक्षात आले नाही.

विभागाच्या इतिहासातले सर्वाधिक गुण तिला मिळाले. ब्रेंट शिकागोला गेला. तोवा ॲशटाब्युलात आहे. मामा दात काढताना रुग्णाच्या उघड्या तोंडात दिवा नेमका सोडण्याचे काम आता तीच करते, आणि आम्ही तिला "मुखाभिमुख प्रकाशयोजना" या शीर्षकाखाली चौऱ्याण्णव टक्क्यांत धरले आहे. येत्या सत्रापासून "नियोजित अपयश : तत्त्व व व्यवहार" हा नवा विषयही सुरू होत आहे, शिकवायला ब्रेंट वर्षातून एकदा येणार आहे.

तोवावर अन्याय झाला असे आता तुम्हांला वाटत असेल. तुम्ही तिथे असतात तर मागे वळून पाहिले असते, असेही वाटत असेल. मला शंका नाही. फक्त एवढेच : त्या फ्रिजला वायर नव्हती, हे मी आधीच सांगितले होते. फ्रिज बंद होता, हेही उघड होते. तरी त्यात दिवा लागला तेव्हा तो मागच्या प्रकाशाच्या खोलीत बसून कुणी लावला, एका भांबावलेल्या माणसाला वाट कुणी दाखवली, हे तुम्ही विचारले नाहीत. तुम्ही हसलात आणि पुढे वाचत गेलात.

आमचा विभाग तुमच्यासारख्या रसिकांचा अत्यंत ऋणी आहे.