रणदिवेकाकांचा घरचा सोडा

लोक शंख कानाला लावून समुद्र ऐकतात म्हणे. आमचे रणदिवेकाका बाटली कानाला लावून सोडा ऐकतात. लिफ्टमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये, कुठेही. आपण "काय काका, कसं काय?" म्हणावं, तर ते एक बोट वर करून आपल्याला गप्प करतात, डोळे मिटतात आणि काही सेकंदांनी निकाल देतात, "टिकलाय गॅस. बोला आता."

धायरीतल्या आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. जन्म नारायण पेठेतला, त्यामुळे बोलणं कमी आणि लागेल असं. सगळी नोकरी हडपसरच्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेली. तयार झालेल्या शंभर वस्तूंतली एक खराब शोधून काढायची, हे त्यांचं काम. माणूस निवृत्त झाला, नजर काही निवृत्त झाली नाही. माझ्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी कप उजेडात धरून बघितला होता.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत काका-काकूंचा एकच शौक होता. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून थंडगार कोल्ड्रिंकची मोठी बाटली आणायची आणि दोघांनी गॅलरीत बसून ती संपवायची. काका काही बोलायचे नाहीत. काकू दोघांच्या वाटचं बोलायच्या. एक दिवस अचानक काकांनी जाहीर केलं, की आजपासून बाहेरचं पेय बंद, घरीच बनवायचं.

"का हो काका?" मी विचारलं.

"बाटलीत असतं काय? पाणी, साखर आणि जाहिरात. पाण्याचे पैसे आपण टँकरवाल्याला आधीच दिलेत. साखर डब्यात आहे. राहिली जाहिरात. ती मी फुकट बघतो."

नाशिकच्या लेकीनं कधीतरी भेट दिलेलं सोड्याचं यंत्र माळ्यावर पडलं होतं. ते खाली आलं. "पण काका, या यंत्राची किंमत धरली तर..." असं मी म्हणायला लागले, तर ते म्हणाले, "धरायची नाही. ती जावयाची."

मग सुरू झाले प्रयोग. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. 'आले-लिंबू, चाचणी दोन.' 'जिरे, चाचणी पाच.' आपल्या हातात पेला द्यायचा आणि चेहऱ्याकडे टक लावून बघत उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. तोंडदेखलं "छान आहे" म्हटलेलं त्यांना चालत नसे. "छान म्हणजे नक्की काय? आलं पुढे येतंय की मीठ?" आले-लिंबू खरंच फक्कड जमलं होतं. कोकमाची बाटली मात्र अशी काही उसळली, की त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर अजून गुलाबी डाग आहे. गवती चहाच्या सोड्याला ओल्या फरशीचा वास येत होता. तो पिऊन आमचे हे म्हणाले, "काका, याने गाडी धुऊ का?" काकांनी शांतपणे चिठ्ठीवर लिहिलं, 'बाह्य वापरास योग्य.'

कोल्ड्रिंकसारखा काळा रंग यावा म्हणून त्यांनी एकदा कॉफी, करपवलेली साखर आणि जायफळ असं काहीतरी जमवलं. जायफळ किती घालायचं याचा अंदाज पार चुकला. नेमकं त्याच दिवशी सोसायटीची मीटिंग होती आणि काकांनी उत्साहानं सगळ्यांना पेलाभर पाजलं. पार्किंगच्या विषयावर हमखास भांडणारे सेक्रेटरी खुर्चीतच पेंगले, खजिनदारांची मान खांद्यावर पडली आणि सगळे ठराव बिनविरोध मंजूर झाले. सोसायटी झाल्यापासून इतकी शांत मीटिंग कोणी बघितली नव्हती.

इथपर्यंत सगळ्यांना गंमत वाटत होती. पण दर आठवड्याला काकांचा सोडा थोडा थोडा अगोड व्हायला लागला. साखर ते सोनार वापरतात तसल्या छोट्या काट्यावर मोजायचे आणि दर सोमवारी चिमूटभर कमी करायचे. "काका, साखर विसरलात का?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "विसरलो नाही, वाचवली." झालं, सोसायटीत त्यांचं नाव चिकट म्हणून पक्कं झालं. खोटं कशाला सांगू, मीही त्यात सामील होते.

आणि अशात एका दुपारी काकू माझ्याकडे आल्या. पदराखालून एक कागद काढला. मी शाळेत शास्त्र शिकवते, एवढ्यावरून मला वैद्यकातलंही कळतं असा त्यांचा समज आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये मध्यंतरी तपासणीचं शिबिर झालं होतं, त्याचा तो रिपोर्ट. साखर चांगलीच वाढलेली होती. डॉक्टरांनी गोळी दिली होती आणि सांगितलं होतं, तीन महिने गोड बंद करा, रोज चाला, मग पुन्हा तपासू. नाही उतरली तर इंजेक्शन सुरू करावं लागेल.

"नीता, मला सुई बघितली तरी घेरी येते गं," काकू म्हणाल्या. "शिबिरात रक्त काढलं तेव्हाच दोघींनी धरलं होतं मला. रोज कसं टोचून घेऊ मी?"

"काकांना सांगितलंत?"

"छे! त्यांना कळता कामा नये. मला साधा ताप आला तर हा माणूस दर अर्ध्या तासाला थर्मामीटर लावून भिंतीवर तक्ता करतो. स्वतः जेवत नाही. मागे त्यांचंच बीपी वाढलं होतं." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पण नशीब बघ. नेमकं आत्ताच यांना हे काटकसरीचं खूळ लागलंय. कोल्ड्रिंक मला सुटलं नसतं गं. आता घरात येतच नाही, आणि हे देतात त्यात गोड असं काही उरलेलंच नाही!"

मी शब्द दिला. त्यानंतर रोज सकाळी सहाला मी आणि काकू जवळच्या शाळेच्या मैदानापर्यंत चालायला जायचो आणि तीन महिन्यांतले उरलेले दिवस मोजायचो. इंजेक्शन टळायला हवं, एवढंच काय ते आमचं चाललं होतं.

मध्येच चेअरमनसाहेबांच्या मुलीचा साखरपुडा झाला. खाली मांडव, आणि ट्रे भरभरून कोल्ड्रिंकचे पेले. एक ट्रे काकूंसमोर आला. काकूंनी पेल्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळा उन्हाळा होता. त्यांचा हात पुढे झाला, तेवढ्यात काका मध्ये आले. "नको. घरी बाटली उघडी आहे. हे प्यायलं तर ती वाया जाईल."

सगळा मांडव हसला. "अहो रणदिवे, निदान फुकटचं तरी पिऊ द्या की बायकोला!" सेक्रेटरी ओरडले. काकाही हसले. मला मात्र मनस्वी राग आला. काकूंसाठी ते बरंच झालं हे कळत होतं, पण चारचौघांत बायकोच्या हातातला घोट अडवायचा, तोही चार पैशांसाठी! पुढे आठवडाभर मी त्यांच्या हातचा सोडा प्यायले नाही. त्यांनी विचारलं तेव्हा "घसा बसलाय" म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच आल्याची बाटली दारात आणून ठेवली.

शेवटी तपासणीचा दिवस आला. "नीताबरोबर ब्लाउजपीस बघायला जाते" असं सांगून काकू माझ्या स्कूटरवर बसल्या. सिंहगड रोडच्या गर्दीत सारख्या विचारत होत्या, "उतरली असेल ना गं साखर? तुला काय वाटतं?" लॅबमध्ये त्यांनी माझी ओढणी तोंडावर घेतली आणि माझा हात इतका घट्ट धरला, की नखं उमटली. दोन तास आम्ही समोरच्या बाकावर बसून काढले.

रिपोर्ट आला. तसेच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "उत्तम. इंजेक्शनची गरज नाही. काय करत होतात ते तसंच चालू ठेवा."

काकू खुर्चीतच रडायला लागल्या. मग हसायला लागल्या. बाहेर आल्यावर फुटपाथवर त्यांनी मला मिठी मारली, तेव्हा माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. ठरल्याप्रमाणे, खरं वाटावं म्हणून, एक ब्लाउजपीस घेतला आणि घरी आलो. काकू थेट वर गेल्या, देवापुढे साखर ठेवायला. मी स्कूटर लावत होते.

पार्किंगमधल्या बाकावर काका बसले होते. शर्ट घामानं भिजलेला. वॉचमन म्हणाला, "साहेब सकाळपासून इथंच हायेत. चहाला बी उठले न्हाईत."

मी जवळ गेले. काकांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "इंजेक्शन टळलं का?"

"टळलं," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी शेजारी बसले. मग ते रुमालानं चष्मा पुसायला लागले.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासून. तिनं रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी रद्दीत लपवली होती. त्यात आजची तारीख आणि इंजेक्शनचं सगळं लिहिलेलं; वाचून होतं तसंच ठेवलं. अहो, रद्दी मी पान पान बघून देतो. इतकी वर्षं संसार केला आणि लपवायला जागा शोधली ती रद्दी!"

"म्हणजे तो सोडा, ती साखर, ते सगळं..."

"एकदम बंद केलं असतं तर तिला संशय आला असता. म्हणून हळूहळू."

"काका, अख्खी सोसायटी तुम्हाला चिकट म्हणते. मी पण म्हणत होते. एका शब्दानं तरी सांगायचं होतं."

"मला चिकट म्हणाले तर माझं काय जातं? तिला आजारी म्हणायला लागले असते, तर ती खरंच अंथरूण धरून बसली असती. दोन्हीत स्वस्त कुठलं, तुम्हीच सांगा."

वरून काकूंनी हाक मारली, "अहो, या वर! किती वेळ बसलाय खाली?" काका उठले. दोन पावलं गेले आणि परत वळले.

"बाई, मला ठाऊक आहे हे तिला सांगू नका हं. तीन महिने ती मला सांभाळतेय, असं तिला वाटतंय. फार बरं वाटतं तिला त्यात."

"आणि तुम्हाला?" मी विचारलं.

"मला काय," काका म्हणाले, "मी तीन महिने सांभाळलाच गेलोय की."