तिसरा गिअर टाकू नका

सोमवारी संध्याकाळी जपानराव ऑफिसातून घरी आले, तेव्हा टेबलावर एक जाड पांढरं पाकीट पडलं होतं आणि त्यावर अर्धवट उघडलेल्या छत्रीचं चित्र होतं. ते चित्र कॉलनीत सगळ्यांच्या ओळखीचं होतं. जपानरावांना ज्या जपानी गाडीवरून हे नाव पडलं, त्या कासाच्या नाकावर तेच होतं, आणि त्याचा इतिहास ऐकल्याशिवाय कॉलनीत कुणाला बिऱ्हाड मांडता आलं नव्हतं.

इतिहास असा : तोमिगावा कंपनीचा संस्थापक मुळात छत्रीच्या काड्या करायचा. एका वर्षी पाऊस पडला नाही. काड्यांचा ढीग पडून राहिला, तेव्हा त्यानं त्या सायकलच्या चाकांत बसवल्या. मग सायकलीला इंजिन लावलं, इंजिनाला चार चाकं लावली आणि चाकांवर छप्पर घातलं.

"म्हणजे फिरून छत्रीच," असं जपानरावांचा मेहुणा दर वेळी म्हणायचा. त्याच्याकडे युरोपियन गाडी होती. ती महिन्यातले दहा दिवस वर्कशॉपमध्ये असायची, म्हणून तो नेहमी रिक्षानं यायचा.

"आमची कासा बघ," जपानराव त्याला सुनवायचे. "एकवीस वर्षं! पान्याचा स्पर्श नाही गाडीला. आणि निवडली कुणी? तुझ्या बहिणीनं. मी दुसरीच घेणार होतो. अक्कल लागते."

कंपनीनं पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून मालकांचे अनुभव मागवले होते. जपानरावांनी पाणीपुरवठा खात्यातल्या तीस वर्षांच्या सरावानं दोन पानी अनुभव लिहून पाठवला होता. पाकिटात त्याचं उत्तर होतं. 'आपलं पत्र वाचून संचालक मंडळ थक्क झालं आहे. कासा या मॉडेलचा गिअरबॉक्स तीन वर्षांहून जास्त टिकल्याचं जगात दुसरं उदाहरण नाही. तो तयार करणारे आमचे निवृत्त इंजिनिअर तो स्वतः पाहण्यासाठी येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता येत आहेत.'

जपानराव खुर्चीत बसले. त्यांची बायको आधीच बसलेली होती.

"केवढा मान!" ती म्हणाली.

"केवढा," जपानराव म्हणाले.



गाडीची वाटणी ठरलेली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार जपानराव; मंगळवार, गुरुवार, शनिवार बायको. ती हॉस्पिटलच्या औषधविभागात होती आणि मुदत संपलेली कुठलीही वस्तू तिला लांबूनच कळायची. मंगळवारी सकाळी ती हॉस्पिटलकडे वळली नाही. थेट मिस्त्रीच्या गॅरेजात गेली.

"मिस्त्री, तो जुना गिअरबॉक्स आहे ना? कंपनीचा?"

मिस्त्री त्याच्यावरच बसला होता. अठरा वर्षांपूर्वी त्यानं तो गाडीतून उतरवला, त्याच्या जागी एका टेम्पोचा बसवला आणि उतरवलेल्या गिअरबॉक्सवर फळी टाकून स्टूल केलं. फळी मोडल्यावर तो नुसताच राहिला. मिस्त्री आता अर्ध्यावर बसायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर चहाचा ग्लास ठेवायचा.

"आहे की, ताई. पण काय करायचाय?"

"आजच्या आज बसवायचाय. आणि साहेबांना कळता कामा नये."

"ते अठरा वर्षं ऐकतोय मी."

तिसऱ्या वर्षी गाडी हॉस्पिटलच्या फाटकात अडकली, तेव्हा तिनं हे पहिल्यांदा सांगितलं होतं. गाडी तिच्या हट्टानं घेतलेली. त्याच महिन्यात नवऱ्यानं चार माणसांत तिच्या अकलेचं कौतुक केलं होतं. लग्नानंतरचं ते पहिलंच कौतुक. ते एका गिअरबॉक्सपायी घालवायला ती तयार नव्हती.

"बसवतो," मिस्त्री उठून म्हणाला. "पण ऐका. पहिला चालेल, दुसरा चालेल. तिसरा टाकला की दात अडकणार. मग गाडी ढकलत नाही न्यायची, उचलून न्यायची."

"रविवारी एक चक्कर मारायचीय, बस."

बुधवारी सकाळी जपानराव गॅरेजात आले. त्यांनी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"मिस्त्री, नवव्या वर्षी तू माझ्या गाडीतून कंपनीचा गिअरबॉक्स काढला होतास. मी जपून ठेवायला सांगितलं होतं."

मिस्त्रीनं मान डोलावली. नवव्या वर्षी त्यानं काढला तो बाईंनी बसवून घेतलेला टेम्पोचा होता, आणि त्याच्या जागी दुसऱ्या टेम्पोचा बसवला होता. काढलेला भंगारात जाऊनही बारा वर्षं झाली होती. पण तेव्हा साहेबांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "हिला कळू देऊ नकोस. गाडी हिनं निवडलीय. भावासमोर मान खाली जाईल." आणि मिस्त्रीनं दोघांनाही शब्द दिलेला होता.

"तो परत बसव," जपानराव म्हणाले. "आत्ताच. मी थांबतो."

मिस्त्रीला अशा प्रसंगांची सवय होती. बाईंनी मंगळवारी क्लच बदलून नेला की साहेब बुधवारी 'क्लच बघ रे' म्हणून यायचेच. मग मिस्त्री बॉनेट उघडायचा, आत तोंड घालून पाच मिनिटं उभा राहायचा आणि बॉनेट बंद करायचा. त्यानं तेच केलं. फक्त काम मोठं होतं म्हणून या वेळी गाडीखाली जाऊन अर्धा तास झोपला.

"झालं, साहेब. पण तिसरा टाकू नका."

"तुझ्या हाताला जादू आहे," जपानराव म्हणाले. हे ते अठरा वेळा तरी म्हणाले असतील.

शनिवारपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरवर धावली. इंजिन असं कोकलायचं, की चौकातले लोक वळून पाहायचे. जपानराव घरी सांगायचे, "रस्त्यावर फार गर्दी." बायको सांगायची, "हल्ली मला घाईच करवत नाही." दोघांनाही एकमेकांचं पटायचं, आणि पटतंय याचं दोघांनाही आश्चर्य वाटायचं.

रविवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना इंजिनिअर आले. वय सत्तरीच्या पुढं, अंगात करड्या रंगाचा सूट, सोबत एक दुभाषीबाई. त्यांनी आधी गाडीला वाकून नमस्कार केला, मग माणसांना. मेहुणा साडेदहापासूनच येऊन बसला होता. गंमत बघायला रिक्षाचं भाडं फार नाही, असं त्याचं मत होतं.

चहा घेताना दुभाषीबाईंनी पार्श्वभूमी सांगितली. कासाच्या गिअरबॉक्सबद्दल इतक्या तक्रारी आल्या, की चौथ्या वर्षी मॉडेल बंद झालं. ठपका या इंजिनिअरांवर आला. कंपनीनं त्यांना काढलं नाही. वायपर विभागात बसवलं. निवृत्तीपर्यंत ते काचेवरून फडकं इकडून तिकडे कसं जावं, एवढंच पाहत राहिले. त्यांच्या पत्नीलासुद्धा शेजारणी टोमणे मारायच्या.

"तुमचं पत्र वाचून ते रडले," दुभाषीबाई म्हणाल्या. "त्यांच्या कामाबद्दल आलेलं हे पहिलं चांगलं पत्र. उद्या ते संचालक मंडळाला अहवाल देणार आहेत. आता आयुष्याचा निकाल लागेल, असं ते म्हणतात."

जपानरावांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. त्यांनी ते काढलं नाही.

इंजिनिअरांनी अंगणात वर्तमानपत्र अंथरलं, कोट काढून दुभाषीबाईंकडे दिला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. दहा मिनिटं फक्त त्यांचे बूट दिसत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. ते काहीतरी पुटपुटले.

"हा त्यांचाच गिअरबॉक्स आहे, असं ते म्हणतात," दुभाषीबाई म्हणाल्या. "नंबर जुळला. आता एक चक्कर मारू या का?"

जपानराव चालवायला बसले. शेजारी इंजिनिअर. मागे बायको, दुभाषीबाई आणि, कुणी बोलावलं नसताना, मेहुणा. पहिला पडला. दुसरा पडला. इंजिनिअर गिअरच्या दांड्याजवळ तळवा धरून डोळे मिटून बसले होते, डॉक्टर नाडी बघतो तसे.

कॉलनी संपली आणि रुंद, सरळ, रिकामा रस्ता लागला. इंजिन ओरडू लागलं.

"भावोजी, तिसरा टाका की!" मेहुणा म्हणाला.

"इथं शाळा आहे," बायको म्हणाली.

"ताई, आज रविवार आहे. आणि ती शाळा नाही, गोदाम आहे."

"उतार आहे पुढं," जपानराव म्हणाले.

"हा चढ आहे, भावोजी! सायकलवाला पुढं गेला आपल्या. दूधवाला होता तो!"

इंजिनिअरांनी डोळे उघडले आणि काही बोलले. दुभाषीबाई पुढे झुकल्या. "ते म्हणतात, कृपया आता तिसरा."

जपानरावांचा हात दांड्यावर गेला. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. त्यांनी क्लच दाबला.

"नको!" ते ओरडले.

"नको!" त्याच क्षणी मागून बायको ओरडली.

गाडी थांबली. जपानरावांनी आरशात पाहिलं. आरशात बायको त्यांच्याकडेच पाहत होती. एकवीस वर्षांत त्या आरशात त्यांनी फक्त मागून येणाऱ्या गाड्या पाहिल्या होत्या.

"तुम्हाला कसं माहीत?" ती हळूच म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"काय माहीत?" मेहुणा पुढं सरकला. त्याचा चेहरा असा उजळला होता, जणू त्याची स्वतःची गाडी सुरू झाली होती. "ताई, काय लपवताय दोघं? तिसरा पडत नाही ना? बिघडलीय ना छत्री?"

इंजिनिअर वळून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना भाषा कळत नव्हती. पण गिअरच्या दांड्याजवळचा तळवा त्यांनी हळूच काढून घेतला होता. ते पाहून जपानरावांनी घसा साफ केला आणि तीस वर्षं पाण्याच्या तक्रारींना उत्तरं देताना कमावलेला आवाज काढला.

"त्यांना सांगा, तिसरा आम्ही कधी वापरलाच नाही."

"कधीच?" दुभाषीबाई म्हणाल्या.

"एकवीस वर्षं," मागून बायको म्हणाली. "गरजच पडली नाही. दुसऱ्यावरच इतकी छान चालते."

मेहुण्यानं तोंड उघडलं. ताईचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं आणि तोंड मिटलं.

दुभाषीबाईंनी भाषांतर केलं. इंजिनिअरांनी वही काढून एक ओळ लिहिली, पट्टा सोडला आणि बसल्या जागी जितकं वाकता येतं तितकं वाकले. गाडी दुसऱ्या गिअरवर घरी आली. दूधवाल्यानं परतताना तिला पुन्हा एकदा मागं टाकलं.

पाहुणे गेल्यावर आणि मेहुण्याला रिक्षात बसवल्यावर दोघं अंगणात गाडीला टेकून उभी राहिली.

"कधीपासून?" जपानरावांनी विचारलं.

"तिसऱ्या वर्षी बदलला. तुम्ही?"

"नवव्या."

तिनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तुम्ही काढलात तो माझा टेम्पोचा होता!"

"आणि मी बुधवारी बसवला तो?"

"तो मी आदल्याच दिवशी बसवला होता."

जपानरावांना गाडीखाली अर्धा तास झोपलेला मिस्त्री आठवला. त्या अर्ध्या तासात मधूनमधून घोरण्यासारखा आवाज आला होता, तो त्यांनी यंत्राचा समजला होता.

दोन महिन्यांनी कंपनीचं पुस्तक आलं. त्यात एक पान जपानराव आणि पत्नी यांना दिलेलं होतं. कासाच्या गिअरबॉक्समध्ये दोष नव्हता, असं संचालक मंडळानं जाहीर केलं होतं. दोष ग्राहकांच्या घाईत होता. मॉडेल कंपनीच्या संग्रहालयात मांडलं गेलं, शेजारी इंजिनिअरांचा फोटो. वायपरचा कुठं उल्लेख नव्हता. मेहुण्यानं ते पान कॉलनीच्या सूचनाफलकावर स्वतःच्या हातानं डकवलं आणि खाली लाल शाईनं लिहिलं, 'तिसरा टाकताना दिसल्यास कळवावे.' दुसऱ्या दिवसापासून जपानरावांची गाडी निघाली की माणसं गॅलरीत येऊन कान देऊ लागली.

पुस्तकासोबत एक लहान पाकीट होतं. त्यात बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंग आणि इंजिनिअरांचं पत्र होतं. दुभाषीबाईंच्या अक्षरात.

'गिअरबॉक्स माझाच होता, पण त्याच्यावर चहाच्या ग्लासांची वर्तुळं होती. मी चाळीसपर्यंत मोजली, मग टॉर्च बंद केला. चालत्या गाडीखाली कुणी चहा पीत नाही. आपण दोघांनी माझ्यासाठी एका आवाजात जे केलंत, त्याचे आभार कसे मानावेत, मला कळत नाही. तिसऱ्या गिअरचा दोष फक्त एका स्प्रिंगचा होता. मी तेव्हाच सांगितलं होतं. ही स्प्रिंग वीस वर्षं माझ्या खिशात आहे. कृपया कंपनीला कळवू नये.'

त्या मंगळवारी दोघं पहिल्यांदाच एकत्र गॅरेजात गेली. दोघांना एका गाडीतून उतरताना पाहून मिस्त्री इतका गडबडला, की काही न विचारता त्यानं बॉनेट उघडलं आणि आत तोंड घातलं. त्याला खांदा धरून बाहेर काढावं लागलं.

स्प्रिंग बसली. रविवारी सकाळी गाडी निघाली, दुसऱ्या गिअरवर कोकलत कॉलनीतून गेली, गॅलऱ्यांखालून गेली, गोदामापाशी दूधवाल्यानं तिला मागं टाकलं. शेवटची घरं संपली. पुढं नुसता रस्ता होता. बायकोनं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"टाका," ती म्हणाली.

जपानरावांनी डोळे मिटून दांडा पुढं सारला. काहीच झालं नाही. ना अडकलं, ना ओरडलं. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला आणि शेतातल्या पाखरांचा ऐकू येऊ लागला. दोघं बराच वेळ तशीच गेली. वाटेत दूधवाला लागला. त्यानं आ वासून पाहिलं आणि त्याची सायकल खड्ड्यात गेली.

"चौथा?" बायकोनं विचारलं.

"नको," जपानराव म्हणाले. "चौथ्याबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही."