राजाची खुशाली

रियाधला आल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक बाई भेटल्या. पिकलेले केस, खांद्यावर नुसता अडकवलेला अबाया, हातात कोथिंबिरीची पिशवी. मी मराठी आहे एवढं कळल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "आमच्या राजाची तब्येत काही ठीक नाही बघ. काल पुन्हा रक्त काढलं मेल्यांनी, वर जुलाब दिले." तेवढ्यात चौथा मजला आला आणि त्या उतरून गेल्या.

परक्या मुलखात आजारी मुलाला घेऊन बसलेली बाई, म्हणून मला राहवेना. मऊ भात केला, वर मेतकूट-तूप घातलं आणि डबा घेऊन गेले. दार त्यांच्या यजमानांनी, ताम्हणकरांनी उघडलं. डब्याकडे पाहून ते शांतपणे म्हणाले, "राजासाठी ना? तो जाऊन तीनशे वर्षं झाली. पण भात मी खाईन."

राजा फ्रान्सचा होता. त्या बाईंना, म्हणजे विजूताईंना, मूलबाळ नव्हतं.

आम्ही सगळ्याजणी सुट्टीहून परतताना कोकम, भाजणी, लोणच्यांच्या बरण्या भरून आणायचो. विजूताईंच्या बॅगेत पुस्तकं असत, आणि तीही एकाच विषयावरची. फ्रान्सच्या जुन्या दरबारात कोण कुणाच्या महालात चोरून जात होतं, कुणाचं गुपचूप लग्न झालं, कुणी कुणावर विषप्रयोग केला. मुखपृष्ठांवरच्या बायकांचे खांदे उघडे असायचे आणि पूर्वी विमानतळावर बॅगा उघडून बघत, म्हणून त्यांनी सगळ्या पुस्तकांना शाळेसारखी खाकी कव्हरं घातली होती. वर सुवाच्य अक्षरात 'पाककृती'. एकदा बिर्याणीसाठी मी 'पाककृती, भाग दोन' मागून नेलं, तर पहिल्याच पानावर एक सरदारीण मागच्या जिन्याने राजाकडे निघालेली. त्या दिवशी आमच्याकडे पिठलं झालं.

फ्रेंच नावं विजूताईंच्या जिभेवर बसत नसत. त्यामुळे थोरले राजे, धाकटे राजे, आणि राजाने ठेवलेल्या त्या जुन्या बाई, नव्या बाई अशी त्यांची घरगुती व्यवस्था होती. भाजी निवडता निवडता त्या मध्येच सुस्कारा सोडायच्या, "नव्या बाईंचं काही खरं नाही हं आता." चेहरा असा की नव्या बाई शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात आणि त्यांचा इकामा, इथे राहायचा परवाना, संपत आलाय.

शुक्रवारी दुपारी पुरुष मंडळी जेवून आडवी झाली की बिल्डिंगमधल्या आम्ही बायका माझ्या हॉलमध्ये जमायचो. विजूताई सोफ्यावर कधी बसल्या नाहीत. स्वयंपाकघरातलं निळं स्टूल स्वतः उचलून आणायच्या. "राणीसमोर स्टुलावर बसायचा मान फार थोड्या सरदारणींना असायचा. बाकीच्या तासन्‌तास उभ्या. सोफ्यावर काय, कुणीही बसतं," असं त्या म्हणायच्या.

पण खरी खोड वेगळीच होती. बोलणं रंगात आलं की त्या मध्येच राजाला आणून बसवायच्या. जिवंत माणसांच्या भानगडींत त्यांना काडीचा रस नव्हता. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली होती त्या दिवसांतली गोष्ट. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. नवी नोकरी आणि व्हिसाची जबाबदारी घेणारा नवा कफील मिळाला नाही तर बाडबिस्तरा आवरावा लागणार होता. आमच्यातल्याच कर्णिकवहिनी गोड आवाजात म्हणाल्या, "हल्ली मिस्टर घरीच असतात वाटतं?" मी तोंड उघडणार तोच विजूताई सुरू झाल्या. राणी सकाळी उठली की तिला सदरा द्यायचा मान सगळ्यांत मोठ्या बाईचा. एकीने तो हातात घेतला की तिच्याहून मोठी आत येणार, मग तो तिच्याकडे, मग आणखी मोठी आली की तिच्याकडे, आणि तोवर राणी बिचारी उघडी कुडकुडत उभी. बायका हसून बेजार झाल्या. असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली, पुरुष उठले, कट्टा मोडला. मला रागच आला. काय ही बाई, हिला वेळकाळ म्हणून काही कळत नाही, असं मी नवऱ्याला म्हटलं.

पुढे मृण्मयीचं झालं. दुसऱ्या मजल्यावरची, बँकेत कामाला असलेली गुणी मुलगी. तिचा नवरा तिला आणि लेकीला इथेच टाकून भारतात निघून गेला, आणि तो परत येणार नाही हे बिल्डिंगला तिच्याआधी कळलं. बरेच शुक्रवार ती आलीच नाही. मग एकदा आली. ती आत शिरली आणि हॉलमध्ये चिडीचूप झालं. सोफ्यावर कुणी सरकून जागाही केली नाही. ती दाराशी उभी राहिली, चपला काढाव्यात की नको अशी.

कर्णिकवहिनींनी चहाचा घोट घेतला. "मृण्मयी, तुला संध्याकाळी सोडायला पांढरी गाडी येते, ती कुणाची गं?"

पोरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात विजूताई स्टुलावरून उठल्या, तिचा हात धरून तिला त्यावर बसवलं आणि आपण खाली सतरंजीवर बसल्या. "बस इथे. मानाची जागा आहे. गाडीवरून आठवलं, आमचे थोरले राजे लढाईवर निघाले ना, तेव्हा एकाच बग्गीत शेजारी राणी, समोर जुन्या बाई आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून नव्या बाई. रस्त्यावरची माणसं म्हणायची, चला, तीन राण्या बघायला."

"तिघी एका गाडीत?" कर्णिकवहिनींचा कप हातातच राहिला. "मग बोलायच्या काय एकमेकींशी?"

अजान होईपर्यंत ती बग्गी चालत राहिली. मृण्मयीला पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

सगळ्या गेल्यावर विजूताई माझ्याबरोबर कप विसळायला थांबल्या. मी विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम करता ना?"

 कप पुसता पुसता त्या म्हणाल्या, "मीना, तू इथे यायच्या आधी मी दोन वर्षं माहेरी राहून आले होते. परत आल्यावर अशीच एका घरी गेले. मी आत शिरले आणि सगळ्या गप्प झाल्या. मग एकेकीने विचारायला सुरुवात केली. अगदी प्रेमाने हं. त्या दिवशी कुणी नुसता हवापाण्याचा विषय काढला असता, तरी मी तिचे पाय धरले असते."

"आणि राजा?"

"तो मेलाय गं. त्याला काय लागणार आहे? लोकांना चघळायला काहीतरी हवंच असतं. ते मी बॅगेतून आणते."

त्या माहेरी का गेल्या होत्या, हे मी विचारलं नाही. मला सदऱ्याचा तो शुक्रवार आठवला आणि हिला वेळकाळ कळत नाही म्हटल्याची लाज वाटली.

यंदा ताम्हणकरांनी निवृत्तीला अवकाश असताना अचानक फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, घेतली. आठवडाभरात घर रिकामं झालं. विजूताईंनी कारण सांगितलं नाही. जाताना खाकी पुस्तकं मृण्मयीला दिली आणि मला म्हणाल्या, "स्टूल सांभाळ." लिफ्टचं दार लागताना त्यांचे डोळे भरलेले होते.

पुढच्या शुक्रवारी कर्णिकवहिनी सोफ्यावर पुढे सरकल्या. "असं कुणी तडकाफडकी जातं का? काहीतरी नक्की झालंय. आणि विजूताई मागेही एकदा अशाच गेल्या होत्या म्हणे, नवऱ्याला सोडून."

बाकीच्याही पुढे सरकल्या. विजूताई हे ऐकायला आता इथे नव्हत्या. मी कप खाली ठेवला, आत जाऊन स्टूल आणलं आणि त्यावर बसले.

"ते राहू दे," मी म्हटलं. "थोरल्या राजांची दाढ दुखत होती, ते माहीत आहे का तुम्हाला?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पुढचं मला काहीच येत नव्हतं. कुठला राजा, कोण वैद्य, दाढ राहिली की गेली, काही ठाऊक नव्हतं. 

कोपऱ्यातून मृण्मयीने अगदी गंभीरपणे विचारलं, "कुठली दाढ?"

"वरची," मी म्हटलं, आणि सांगायला लागले.